पाणी कोठे मुरते आहे?

पावसाळा सरत आला, नवरात्र जवळ आले, की आपल्याकडच्या जुन्या इमारतींच्या भिंती बोलू लागतात. कोणत्याही तालुक्याच्या गावी जावे. शंभरी ओलांडलेली शाळा, तेवढेच जुने सार्वजनिक वाचनालय, इंग्रजी अमदानीत बांधलेली कचेरी, यांच्या भिंतींवर जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर एक नागमोडी तपकिरी रेघ उमटलेली दिसेल. रेघेखाली रंगाचे पोपडे सुटलेले असतात, पोपड्यांखाली गिलावा भुसभुशीत झालेला असतो आणि हात लावताच बोटांना पांढरी पूड चिकटते. मुख्याध्यापक वरिष्ठांना अर्ज लिहितात. ग्रंथपाल कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढतात. कचेरीतला कारकून तळच्या फळीवरची दप्तरे वरच्या फळीवर चढवितो. यथावकाश अर्जास मंजुरी मिळते. कंत्राटदार येतो, जुना गिलावा खरवडून काढतो, त्या जागी सिमेंटचा नवा गुळगुळीत गिलावा करतो आणि त्यावर तैलरंगाचा हात देतो. काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळतो, देयक मंजूर होते. दोन-तीन पावसाळे जातात आणि तीच रेघ पुन्हा उमटते. फरक एवढाच, की या खेपेस ती कमरेपाशी न थांबता खांद्यापर्यंत चढलेली असते.

एखाद्या व्यवहारात काही काळेबेरे असल्याचा संशय आला, म्हणजे ‘कोठेतरी पाणी मुरते आहे’ असे म्हणण्याची आपली रीत आहे. जुन्या इमारतींच्या बाबतीत वाक्प्रचारातले पाणी आणि भिंतीतले पाणी एकत्र आले आहे. मात्र दर वेळी यात लबाडीच असते असे समजण्याचे कारण नाही. बहुतेक ठिकाणी अभियंता प्रामाणिक असतो, गवंडी मेहनती असतो, संस्थेच्या चालकांना इमारतीविषयी खरी आस्था असते. अज्ञान मात्र सर्वांचे सारखे असते. आणि ते अज्ञान आपण नियमांत, अंदाजपत्रकांत आणि निविदांत पक्के बांधून ठेवले आहे. परिणाम असा, की ज्या इमारतींनी शंभर-दीडशे पावसाळे सोसले, त्या आपल्या दोन दुरुस्त्या सोसू शकत नाहीत.

ओल म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यावयास हवे. जुन्या इमारतीत पाणी मुख्यत: तीन वाटांनी शिरते. पहिली वाट वरून: फुटलेले कौल, तुंबलेली पन्हळ, तडकलेला कोबा, भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप. दुसरी वाट बाजूने: झडीचा पाऊस ज्या भिंतीवर सरळ आपटतो ती भिंत पाणी पिते. तिसरी वाट खालून. वीट, जांभा, चुन्याचे सांधे या साऱ्यांत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तशी ही छिद्रे जमिनीतले पाणी वर ओढतात. हे पाणी वर चढत असतानाच भिंतीच्या पृष्ठभागातून वाफ होऊन उडूनही जात असते. चढणारे पाणी आणि उडून जाणारे पाणी यांचा जेथे तोल साधतो, तेथे ती नागमोडी रेघ उमटते. बहुधा ही उंची हात-दोन हातांची असते. तिन्ही वाटांनी येणाऱ्या ओलीचे रूप वेगवेगळे असते आणि उपायही वेगळे असतात. वैद्याने नाडी न पाहता सर्वांना एकच काढा द्यावा, तसे आपण तिन्ही रोगांवर एकच सिमेंट थापतो.

केवळ पाणी असते तर भिंतीचे फारसे बिघडले नसते. खरा घात पाण्याबरोबर येणारे क्षार करतात. जमिनीतले, सांडपाण्यातले, समुद्रकाठी हवेतले मीठ पाण्यात विरघळून भिंतीत शिरते. पाणी उडून जाते, मीठ मागे उरते. त्याचे स्फटिक बनतात आणि छिद्रांच्या भिंतींवर आतून दाब देतात. पावसाळ्यात ते पुन्हा विरघळतात, उन्हाळ्यात पुन्हा स्फटिक होतात. दर वर्षीच्या या आवर्तनात विटेचा एकेक थर पिठासारखा गळून पडतो. यालाच भिंतीला लोणा लागला असे आपले जुने लोक म्हणत असत. सोडियम सल्फेटसारखा क्षार तर कोरडा असताना जेवढी जागा व्यापतो, तिच्या तिपटीहून अधिक जागा पाणी शोषल्यावर व्यापतो. एवढी शक्ती आतून काम करू लागली, म्हणजे भाजलेल्या विटेचे काय होत असेल याची कल्पना करता येईल.

या लोण्याचा सर्वांत मोठा धडा मोहेंजोदडोने जगाला दिला. सिंधमधील हे नगर १९२२ साली राखालदास बॅनर्जी यांच्या उत्खननाने उजेडात आले. पुढे १९२४-२५ च्या हंगामात तेथे काम करणारे काशिनाथ नारायण दीक्षित हे पंढरपूरचे. ते पुढे पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. मातीखाली हजारो वर्षे सुरक्षित राहिलेल्या विटा उघड्यावर आल्या आणि काही दशकांतच झिजू लागल्या. १९३२ साली सक्करचे धरण सुरू झाले, कालव्यांचे पाणी शेतांत खेळू लागले, भूजलाची पातळी वर आली आणि खारे पाणी भिंतींतून चढू लागले. १९७४ साली युनेस्कोने या नगराच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय मोहीम हाती घेतली, ती १९९७ पर्यंत चालली. भूजल उतरविण्यासाठी नगराभोवती नलिकाकूप खोदण्यात आले. आणि एवढे सारे झाल्यावर भिंतींवर प्रत्यक्ष उपाय कोणता केला गेला? साध्या मातीचे लिंपण! क्षार विटेत न साठता मातीच्या थरात उतरावेत, तो थर गळून पडला की नवा द्यावा, असा हा उपाय होता. ज्याची झीज व्हावी म्हणूनच लावावयाचे असे हे कवच आहे. विज्ञानाने मोठा वळसा घालून अखेर कुणब्याच्या घरातील लिंपणापाशी यावे, यात विज्ञानाचा पराभव नाही. लिंपणाचा अर्थ त्याला कळला, एवढेच त्याचे तात्पर्य आहे.

आपल्याकडील चुन्याचा गिलावा हे असेच झिजण्यासाठी केलेले कवच होते. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजली की कळीचा चुना मिळतो. कोकणात आणि गोव्यात हेच काम शिंपले भाजून करीत. चुना पाण्यात विरवून, त्यात वाळू आणि विटांची सुरखी घालून घाणीत मळत असत. भिंतीवर चढल्यावर हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा मूळच्या चुनखडीचे रूप धारण करतो. असा गिलावा मऊ असतो, किंचित लवतो आणि मुख्य म्हणजे भिंतीला श्वास घेऊ देतो. आत शिरलेली ओल त्याच्यातून बाहेर पडते. भिंतीत मीठ असेल तर ते गिलाव्यात येते, गिलावा खराब होतो आणि भिंत वाचते. दसरा-दिवाळीच्या आधी चुन्याचा हात देण्याची चाल केवळ शोभेसाठी नव्हती. त्या कवचाची ती वार्षिक डागडुजी होती.

सिमेंटचे गुण याच्या नेमके उलट आहेत. जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली इंग्लंडात पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. हिंदुस्थानात १९१४ साली पोरबंदर येथील कारखान्यातून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि शतकभरात गावोगावच्या चुन्याच्या घाण्या बंद पडल्या. सिमेंटची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. धरणे, पूल, गिरण्या, लक्षावधी लोकांचा निवारा हे सारे सिमेंटनेच शक्य केले. परंतु जो गुण पुलाच्या खांबात हवा, तो चुन्याच्या भिंतीवर दोष ठरतो. सिमेंट कठीण, ताठर आणि घट्ट आहे. ते पाणी सहज आत येऊ देत नाही हे खरे, पण आत असलेले पाणी बाहेरही जाऊ देत नाही. खालून चढणारे पाणी तर त्याच्यामुळे थांबतच नाही. वाफ होऊन निघून जाण्याची वाट बंद झाल्यावर ते वाट शोधीत आणखी वर चढते. जुनी भिंत ऋतुमानानुसार थोडी हलते, तेव्हा ताठर सिमेंटला केसासारख्या भेगा पडतात. त्या भेगांतून पाऊस आत शिरतो आणि आतच कोंडतो. शिवाय सिमेंट स्वत:बरोबर काही विद्राव्य क्षार घेऊन येते ते निराळेच. वरून सारे गुळगुळीत दिसते, आणि आत वीट कुजत असते. एखाद्या दिवशी गिलाव्याचा मोठा पापुद्रा खाली येतो, तेव्हा त्याला विटेचा चेहराच चिकटलेला असतो.

इतिहासात पाहिले तर सद्हेतूने केलेल्या अपकाराची उदाहरणे थोडी नाहीत. अजिंठ्याचीच गोष्ट घ्या. तेथील चित्रांचे गिलावे सुटू लागले होते. निजामाच्या हैदराबाद संस्थानाने १९२० ते १९२२ या काळात लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलाविले. त्यांनी सुटलेला गिलावा जागच्या जागी बसविला, म्हणून आजची कित्येक चित्रे शिल्लक आहेत, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु रंग पक्के करण्यासाठी लाखेचे रोगण वापरले गेले आणि त्यापूर्वी एकोणिसाव्या शतकात नकला करणाऱ्यांनीही चित्रे उजळ दिसावीत म्हणून रोगण फासले होते. ते रोगण काळाबरोबर पिवळे, मग काळपट झाले. त्याने चित्रांचा पृष्ठभाग बुजविला. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते उतरविण्याचे अतिशय नाजूक काम दशकानुदशके करीत बसावे लागले. जुन्या पृष्ठभागावर जे चढवाल ते पुढे उतरविता आले पाहिजे, हा धडा तेथे फार मोठी किंमत देऊन मिळाला.

चुकीचे कवच चढविल्याने जसा घात होतो, तसा योग्य कवच उतरविल्यानेही होतो. त्याचे उदाहरण जुन्या गोव्यात आहे. तेथील बॉं जेझूस बॅसिलिका आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष तेथे आहेत. १९८६ साली जुन्या गोव्यातील चर्चना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत ही बॅसिलिका अग्रगण्य आहे. पर्यटकांना तिचा लालसर, उघडा जांभा फार आवडतो आणि ती मुळापासून तशीच असावी असा समज आहे. वास्तविक तिच्या बाह्य भिंतींना चुन्याचा गिलावा होता. पोर्तुगीज राजवटीत, १९५० च्या दशकात, तो काढून टाकण्यात आला. दगड उघडा दिसला की इमारत अधिक प्राचीन आणि भारदस्त दिसते, ही त्या काळची युरोपीय अभिरुची होती. पण जांभा हा सच्छिद्र दगड आहे. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस जेथे कोसळतो, तेथे जांभ्याने कातडीवाचून उभे राहावे, अशी अपेक्षा मूळच्या बांधणाऱ्यांनी कधीच केली नव्हती. गेल्या काही वर्षांत दगडाची झीज पाहून, गिलावा पुन्हा करावा अशी मागणी गोव्यात जोराने पुढे आली. त्यावर वादही झाला, कारण आता दोन पिढ्यांच्या डोळ्यांना तो लाल दगडच ‘खरा’ वाटू लागला आहे. पोस्टाच्या तिकिटावरचे चित्र खरे की बांधणाऱ्याचा हेतू खरा, असा हा पेच आहे. आमच्या मते पावसाला सौंदर्यशास्त्र कळत नाही, आणि पहिला मान इमारत टिकण्याला दिला पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, की हा जुन्याचा गौरव झाला. तसे नाही. पूर्वीच्या इमारती टिकल्या त्या पूर्वजांच्या अंगी काही दैवी विद्या होती म्हणून नव्हे. त्या टिकल्या, कारण दर वर्षी त्यांची काळजी घेतली जात असे. मृग लागण्यापूर्वी घर शाकारावयाचे, कौले परतावयाची, पन्हळी साफ करावयाच्या, झडीच्या बाजूस झापांचा आडोसा बांधावयाचा, पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर जावे म्हणून चर काढावयाचा, हा कोकणातील प्रत्येक घराचा कुळाचार होता. देशावरच्या वाड्यांना घडीव काळ्या दगडाचे उंच जोते असे आणि त्यावर विटांचे बांधकाम चढे. काळा दगड पाणी फारसे पीत नाही, म्हणून वरची वीट कोरडी राही. या साऱ्यामागे स्वस्त श्रम होते, आणि ते श्रम करणाऱ्यांच्या स्वत:च्या झोपडीत ओल कायमचीच असे, हेही विसरता कामा नये. तेव्हा जुना काळ परत आणण्याचा प्रश्न नाही. पाणी अंगावर घेण्यापेक्षा ते दूर वळवावे आणि आलेच तर त्याला जाऊ द्यावे, हा त्या पद्धतीमागचा विचार मात्र आजही तितकाच खरा आहे.

मग हा विचार आपल्या सार्वजनिक कारभारात का टिकला नाही? त्याची कारणे भिंतीत नाहीत, फायलीत आहेत. सरकारी हिशेबात मोठ्या दुरुस्तीला शीर्षक असते, पण मे महिन्यात पन्हळीतला पालापाचोळा काढण्यासाठी चार माणसांची मजुरी कोणत्या शीर्षकाखाली टाकावी, हे मुख्याध्यापकाला ठाऊक नसते. पाच-सातशे रुपयांचे काम कोणी मंजूर करीत नाही, म्हणून दहा वर्षांनी पाच-सात लाखांचे काम मंजूर करावे लागते. दुसरे कारण मार्चअखेर. निधी हाती पडतो तो वर्ष संपता संपता, आणि चुन्याला घाई चालत नाही. तो विरवावा लागतो, मुरवावा लागतो, थरामागून थर देऊन ओला ठेवावा लागतो. येथे मुरणे हा दोष नसून गुण आहे! सिमेंट मात्र तारखेच्या आत वाळते. तिसरे कारण असे, की सिमेंटच्या गिलाव्याचा दर अभियंत्याला तोंडपाठ असतो. चुन्याचे काम करावयाचे तर दराचे वेगळे विश्लेषण करून ते वरून मंजूर करून घ्यावे लागते. ज्या कामात अधिक कष्ट आणि अधिक शंका, ते काम स्वत:हून अंगावर घेणारा अधिकारी विरळा. चौथे कारण शिक्षणाचे. पदविका किंवा पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुण अभियंत्याने चार वर्षांत काँक्रीटची असंख्य गणिते सोडविलेली असतात; चुन्याची घाणी त्याने पाहिलेलीच नसते. आणि चुन्याचे काम जाणणारा गवंडी म्हातारा झाला आहे, त्याच्या मुलाने तो धंदा सोडला आहे.

यात नगरपालिकांनीही आपली भर घातली आहे. दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा किंवा काँक्रीटचा नवा थर चढतो. जुना थर खरवडण्याची तसदी कोणी घेत नाही. रस्ता वर येतो आणि इमारत खाली जाते. पूर्वी तीन पायऱ्या चढून ज्या वाचनालयात जावे लागे, तेथे आता एक पायरी उतरून जावे लागते. जोत्याचा काळा दगड रस्त्याखाली गाडला गेला, की पावसाचे पाणी सरळ विटेला भिडते. भोवतालच्या अंगणात फरशी किंवा पेव्हर ब्लॉक घट्ट बसविले, म्हणजे उघड्या जमिनीतून उडून जाणारी ओलही भिंतीकडे वळते. ही दुरुस्ती भिंतीची नाही, नगररचनेची आहे. तिच्यासाठी ना पुरातत्त्वज्ञ लागतो, ना परदेशी तज्ज्ञ. रस्त्याची पातळी वाढू न देण्याचा निश्चय तेवढा लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील, आणि तो अप्रस्तुत नाही. ज्या राज्यात शाळांना पुरेसे शिक्षक नाहीत, तेथे भिंतींच्या श्वासाची चिंता ही चैन नव्हे काय? या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर भिंतींच्या आत काय आहे याचे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे. महाराष्ट्रात शंभरी पार केलेल्या ग्रंथसंस्था गावोगावी आहेत, आणि अन्यत्र कोठेही न मिळणारी नियतकालिके त्यांच्या कपाटांत आहेत. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी वाढू लागते. मागोमाग कसर येते, वाळवी येते. भिंतीची ओल ही म्हणूनच ग्रंथांची ओल आहे. आणि केवळ ग्रंथांचीच नव्हे. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसील कचेऱ्यांतील आणि शाळांतील जुनी दप्तरे, मोडी लिपीतील कागद, प्रवेशाची जीर्ण रजिस्टरे राज्यभर उघडली गेली. त्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो; पण एखाद्या कुटुंबाचे भवितव्य तळच्या फळीवरच्या एका पानावर अवलंबून असू शकते, हे त्या वेळी सर्वांना दिसले. ते पान ओलीने चिकटून लगदा झालेले असेल, तर न्याय कोणाकडे मागावयाचा? श्रीमंताकडे आपल्या हक्काचे कागद जपण्यासाठी तिजोरी असते. गरिबाचा कागद सरकारी कपाटात असतो. म्हणून सरकारी भिंत कोरडी ठेवणे ही चैन नसून सामान्य माणसाच्या हक्काचे रक्षण आहे.

दुसरे उत्तर जीविताचे. २०२५ च्या जुलै महिन्यात राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात, पिपलोदी या गावी, शाळेचे छत कोसळून सात मुले मृत्युमुखी पडली. ती शाळा काही ऐतिहासिक वास्तू नव्हती. परंतु जीर्ण इमारत, पावसाळा आणि दुर्लक्ष या तिघांची गाठ पडली की काय होते, हे त्या दुर्घटनेने देशाला दाखविले. अशा घटनेनंतर ‘जुने सारे पाडून टाका’ अशी हाक उठते. ती स्वाभाविक असली तरी योग्य नाही. इमारत वयाने कोसळत नाही, हेळसांडीने कोसळते. सिमेंटच्या नव्या इमारतीतही गळतीचे पाणी आतल्या लोखंडापर्यंत पोहोचले, की ते गंजून फुगते आणि काँक्रीटची ढलपी खाली येते. जो समाज जुन्या इमारतीची पन्हळ साफ करीत नाही, तो नव्या इमारतीचीही करणार नाही. पाडकामाने इमारत बदलेल, सवय बदलणार नाही.

कायदे आपल्याकडे नाहीत असे नाही. केंद्राचा पुरातन स्मारकांविषयीचा कायदा १९५८ चा, महाराष्ट्राचा १९६० चा आहे. मुंबईसाठी १९९५ साली वारसा नियमावली झाली, ती देशातील पहिली. सर जॉन मार्शल यांनी १९२३ साली जतनाची नियमपुस्तिका लिहून ठेवली आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१४ साली राष्ट्रीय जतन धोरण जाहीर केले. परंतु केंद्राच्या संरक्षित यादीत सबंध देशातील मिळून सुमारे ३,७०० स्मारके आहेत. तुमच्या गावची शाळा, कचेरी, न्यायालय, धर्मशाळा, वाचनालय त्या यादीत नसते आणि असण्याची शक्यताही नसते. तिचे भवितव्य स्थानिक उपअभियंता, मुख्याध्यापक आणि कार्यकारी मंडळ ठरवितात. म्हणून सुधारणाही तेथेच व्हावयास हवी. ती अशक्य नाही, हे मुंबई महानगरपालिकेच्या मालकीच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने दाखविले आहे. १८७२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या त्या वास्तूचे काम २००३ ते २००८ या काळात जाणत्या वास्तुतज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले आणि २००५ साली त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च पुरस्कार लाभला. पालिका, खाजगी विश्वस्त निधी आणि तज्ज्ञ संस्था एकत्र आल्या तर काय होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

प्रत्येक गावी असा निधी मिळणार नाही, हे उघड आहे. पण ज्या गोष्टींना निधी फारसा लागत नाही, त्या तरी तातडीने सुरू करता येतील. सार्वजनिक बांधकाम खात्याने असा नियम करावा, की पन्नास-पाऊणशे वर्षांपूर्वीच्या चुन्यात बांधलेल्या इमारतीवर सिमेंटचा गिलावा किंवा बंद रंग चढविण्यापूर्वी ओल कोणत्या वाटेने येते याची लेखी तपासणी झालीच पाहिजे. दरसूचीत चुन्याच्या कामांना सिमेंटच्या बरोबरीने जागा मिळावी. प्रत्येक शाळेला आणि ग्रंथालयाला मे महिन्यात कौले, पन्हळी आणि गटारे साफ करण्यासाठी लहानसा, विनाअर्ज वापरता येईल असा निधी असावा. रस्ता नव्याने करताना जुना थर काढूनच नवा द्यावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत चुन्याच्या गवंडीकामाचा अभ्यासक्रम सुरू करावा आणि जे जाणते गवंडी आज हयात आहेत, त्यांना तेथे शिक्षक म्हणून मानाने बोलवावे. त्यांच्याकडे पदविका नाही, ही सबब पुढे करू नये.

वाचकांपैकी जे शिक्षक आहेत, कचेऱ्यांत काम करतात, वाचनालयांच्या मंडळांवर आहेत, त्यांच्या हातीही काही आहे. पुढच्या वेळी दुरुस्तीचा अर्ज लिहिताना ‘भिंतीस ओल आली आहे, नवीन गिलावा करून मिळावा’ असे लिहू नये. ‘पाणी कोठून येते याची तपासणी करून मिळावी’ असे लिहावे. अर्जातील हे एक वाक्य बदलले, तर पुढचे पुष्कळ बदलू शकेल. तोवर कपाट भिंतीपासून पुढे ओढून ठेवावे, भिंतीलगतचा कचरा आणि माती दूर सारावी आणि पाऊस सुरू असताना एकदा छत्री घेऊन इमारतीभोवती फिरून यावे. पाणी कोठे पडते, कोठे साचते आणि कोठे मुरते, हे त्या एका फेरीत जेवढे कळते, तेवढे कोरड्या दिवसांतल्या दहा पाहण्यांत कळत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाने त्या फेरीत आपला वर्ग बरोबर घेतला तर केशाकर्षणाचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.

भिंतीवरची ती तपकिरी रेघ म्हणजे केवळ पाण्याची खूण नाही. कोणत्या उंचीपर्यंत आपण दुर्लक्ष केले, याचे ते मोजमाप आहे. तिच्यावर रंग फासून ती झाकता येते. गेली कित्येक वर्षे आपण तेच करीत आलो आहो. पण झाकलेली ओल वर चढते, हा भिंतीचा धर्म आहे, आणि तो केवळ भिंतीपुरता खरा आहे असे नाही. पुढील मृग लागण्यास अजून अवधी आहे. तोपर्यंत निदान पन्हळी तरी साफ व्हाव्यात.